भावाला दोन रात्री पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. साहेबावर कारवाई कशी करायची?

ऐरोलीकर: स्टेशनबाहेर फेरीवाल्यांच्या गाड्या उचलत होते, भावाने मोबाईलवर शूटिंग केलं. त्यालाच उचलला, दोन रात्री बसवला. घटनेचं कलम २१, २२ वाचलंय, ते सांगू नका. साहेबाला वैयक्तिक कोर्टात कसं खेचायचं तेवढं सांगा. लवकर.

कोर्टनाका: कधीची गोष्ट? अटक दाखवली?

ऐरोलीकर: अटक नाही, चौकशीला बोलावलं होतं म्हणे.

कोर्टनाका: सही कशावर केली?

ऐरोलीकर: जबाबावर. "स्वखुशीने हजर झालो" असं लिहिलंय. रात्री अकराला सही घेतली, मग चष्मा परत दिला. वाचणार कसा?

कोर्टनाका: इथेच मेख आहे. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, पण कागदावर अटकच नाही. म्हणून आधी सीसीटीव्ही. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले, फुटेज किमान वर्षभर ठेवायचं. राखून ठेवा असा लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या.

कोपरीचे काका: कॅमेरा बंद होता म्हणतील, लिहून घ्या! थेट हायकोर्टात रिट याचिका, मूलभूत हक्कांसाठी. नीलाबती बेहरा निकाल, १९९३, कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख भरपाई.

कोर्टनाका: काका, ते पैसे सरकारचे, अधिकाऱ्याच्या खिशातले नव्हेत. यांना साहेब हवाय. त्याला भारतीय न्याय संहितेची कलमं १२७ (बेकायदा डांबून ठेवणं) आणि १९८ (सरकारी नोकराने नुकसान करायला कायदा मोडणं), थेट मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ ची, सरकारी नोकरावर खटल्याआधी लागणारी सरकारी परवानगी आडवी येईल. मात्र १२० दिवसांत निर्णय नाही झाला तर ती मिळाली असं धरतात.

कोपरीचे काका: माणूस डांबणं हे काय कर्तव्य? परवानगी कशाला?

कोर्टनाका: तुमचा वकील हेच म्हणेल. त्यावरच तारखा पडतात.

वाशीची मीना: फेरीवाल्यांमुळे स्टेशनबाहेर चालता येत नाही, त्याचं कोण बोलणार?

माहितीवीर: माहिती अधिकार टाका, दहा रुपये! स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर.

कोर्टनाका: भाऊ घरी आलाय हो. पण स्टेशन डायरीची, म्हणजे पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीची, नक्कल मागा, ती लागेल. ऐरोलीकर, तारीख?

ऐरोलीकर: गणपतीच्या आदल्या आठवड्यात.

कोर्टनाका: गणपती पुढच्या आठवड्यात आहेत.

ऐरोलीकर: मागच्या वर्षीच्या.

कोर्टनाका: अहो! फुटेजचं वर्ष भरत आलंय, मानवी हक्क आयोगाचीही मुदत एक वर्षाचीच. उद्या सकाळी दोन्ही अर्ज टाका, वकील नंतर शोधा.

ऐरोलीकर: चष्म्याचं लिहू का?

कोर्टनाका: पहिल्या परिच्छेदात.