आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गल्लीची मिळून पूर्वजांच्या नावानं घागर भरायची आहे, मांडणी कशी करावी?

तापीकाठ: राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातली गल्ली, ४० घरं. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला, २०२१ ची १४ मेला. दोन्ही लॉकडाऊनमध्ये गेल्या. तेव्हा जे गेले त्यांना ना खांदेकरी मिळाले, ना मृत्यूनंतरच्या गंधमुक्तीच्या विधीला माणसं. तेव्हापासूनचा घराघरांतला अबोला सुटलेला नाही. काय करावं, काय टाळावं?

पारावरचा: घरची घागर घरीच भरू द्या, तिला हात लावू नका. गल्लीची वेगळी, संध्याकाळी पारावर. नवी घागर, तिच्या तोंडावर छोटं मातीचं भांडं, दोन्हींत पाणी. वर डांगर (खरबूज), दोन सांजोऱ्या, दोन आंबे. घागर आदल्या रात्री भिजवा, कोरी असली की पाणी पिते.

खरं काम कुंकवाचं. उंबरठ्यावर पूर्वजांचं एकेक नाव घेत एकेक बोट उमटवतो, तेच पाराच्या पायरीवर करा. बोट घरच्याच माणसाचं, नावही त्यानंच घ्यायचं. माईक नको; माईक आला की पुढारी आलाच. यादी आठ दिवस आधी घरोघर विचारून करा. कुणी नको म्हटलं तर आग्रह नको. पण एक नाव सुटलं तर ते घर पुन्हा पाराकडे फिरकणार नाही, म्हणून शेवटचं बोट राहून गेलेल्यांसाठी उमटवा.

गौराई: भाऊ, माहेरी आलेल्या लेकींचं काय? नावं झाली की लगेच पंगत नको, मध्ये झोके ठेवा. फांदी जिवंत, मांडीएवढी जाड. दोर सुती; नायलॉनची गाठ सरकते. दोराखाली पोतं गुंडाळा, नाहीतर घासून झिजतो. आधी दोन गडी लटकून बघू देत. गाणी येणाऱ्या दोघीतिघी आधीच गाठून ठेवा. मोबाईलवर लावलं की कोणी तोंड उघडत नाही.

पऱ्हाटी: पंगतीत सगळ्या घरांचा आमरस एका पातेल्यात ओतू नका, एकाचा आंबला की सगळा गेला.

आणि एका संध्याकाळीत अबोला सुटत नसतो. डिसेंबरात भरीत ठेवा: ६० माणसांना २० किलो वांगी, सव्वा किलो हिरवी मिरची, दोन किलो कांद्याची पात, दीड लिटर तेल. वांग्यांना टोचे मारून पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजा. न टोचलेलं फुटतं. आचारी नको. ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांना सोलायला एकाच परातीवर बसवा. बोटं भाजतात, मग पाण्याचा तांब्या शेजारच्याकडेच मागावा लागतो.