घरपट्टीची विशेष नोटीस: हरकतीची मुदत संपत आलीय, काय काय जोडू?

मोगरा_७
१७ जून, सकाळी ९.४०

नव्या फ्लॅटची पहिलीच आकारणी आहे. महानगरपालिका आहे, पण पुणे-मुंबई नाही. विशेष नोटिशीवर तारीख २ जून, हातात मिळाली ९ जूनला. हरकतीला १५ दिवस. करारनाम्यात कारपेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ५८.०६ चौ.मी. आणि एक झाकलेलं पार्किंग. नोटिशीत मात्र निवासी क्षेत्र ८२.१७ चौ.मी. लिहिलंय. हा आकडा आला कुठून? मंजूर नकाशाची प्रत मिळायला आठवडा लागेल, तोवर थांबू का? वकील लागेल?

ओसरी
१७ जून, सकाळी १०.०५

थांबू नका. आजच हरकत देऊन या. नोटीस बजावल्यापासून १५ दिवस धरतात, म्हणजे तुमची मुदत २४ तारखेपर्यंत आहे. पण खिडकीवरचा माणूस कागदावरची २ तारीख धरून बसला तर आजच पंधरावा दिवस, आणि तो वाद अंगावर घेण्यात काही अर्थ नाही. नोटीस ज्या पाकिटातून आली ते फेकू नका.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात अनुसूची ‘ड’मध्ये कराधान नियम आहेत. त्यांतला नियम १५ मुदतीचा, १६ हरकतीचा. हरकत लेखी हवी आणि तिच्यात कारणं थोडक्यात पण पूर्ण हवीत, एवढीच अट. म्हणून कारणं आज द्या, कागद सुनावणीला आणा. ‘पूरक कागदपत्रे सुनावणीपूर्वी सादर करीत आहे’ असं एक वाक्य शेवटी घाला.

वर मिळकत क्रमांक, नोटीस क्रमांक, नोटिशीची तारीख आणि मिळाल्याची तारीख. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या. मग मुद्दे. ‘कर फार आहे, परवडत नाही’ हा मुद्दाच नव्हे. कराचे दर आधीच मंजूर झालेले असतात, सुनावणी घेणारा अधिकारी ते बदलू शकत नाही. तो बदलू शकतो ते क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, आकारणीची सुरुवातीची तारीख आणि यांवरून निघणारं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कराचे टक्के लागतात ती. त्यावरच बोला. शेवटी तीन मागण्या स्पष्ट लिहा: फेरमोजणी, समक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश. या टप्प्याला वकील लागत नाही.

सोसायटीचं एकत्र पत्र देऊन भागत नाही. मिळकत क्रमांक वेगळा, तर हरकतही वेगळी.

मोजपट्टी
१७ जून, सकाळी १०.३०

आकडा कुठून आला ते बहुतेक सापडलं. ५८.०६ ला १.२ ने गुणा: ६९.६७. कारपेटवरून बिल्टअप (भिंतींसकट क्षेत्र) काढायची ही जुनी रीत. ८२.१७ मधून ६९.६७ वजा केले की उरतात बरोबर १२.५०, म्हणजे अडीच मीटर बाय पाच मीटर. एका गाडीची जागा! तुमचं पार्किंग निवासी क्षेत्रात घातलेलं दिसतंय.

खात्री करायला आकारणी पुस्तक, म्हणजे पालिकेची मिळकतींच्या कराची नोंदवही, बघायला मागा. मालक किंवा भोगवटादाराला ते फुकट बघायचा आणि उतारे घ्यायचा हक्क नियम १४ मध्ये आहे. माहिती अधिकाराच्या वाटेला आत्ता जाऊ नका, उत्तराला ३० दिवस लागू शकतात. पुस्तकात किंवा निरीक्षकाच्या मोजणी तक्त्यात दोन गोष्टी बघा: क्षेत्र कारपेट धरलंय की बिल्टअप, आणि पार्किंगची ओळ वेगळी आहे का. दरतक्ता बिल्टअपवर असेल तर ६९.६७ वर भांडू नका, ते बरोबर आहे. भांडण फक्त १२.५० चं. ‘करारात ५८ आहे आणि तुम्ही ८२ लावलेत’ असं सरसकट लिहिलंत, तर अधिकारी १.२ चा हिशोब दाखवील आणि पार्किंगचा खरा मुद्दा त्याच्यात वाहून जाईल.

रक्कम किती ते कळावं म्हणून: समजा भाड्याचा धरलेला दर चौ.मी.ला महिन्याला ४० रुपये. १२.५० × ४० × १२ = ६,००० रुपये. दुरुस्तीची १० टक्के वजावट गेल्यावर करयोग्य मूल्यात ५,४०० जास्त. सगळे कर मिळून ४० टक्के होत असतील, तर वर्षाला २,१६० रुपये, आणि तेही दरवर्षी.

शेजारच्या त्याच नकाशाच्या फ्लॅटचं करयोग्य मूल्यही बघून ठेवा. बऱ्याच पालिकांच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकला की बिल दिसतं. एकाच मजल्यावरचे सारखे दोन फ्लॅट आणि मूल्यं दोन, याला उत्तर देणं जड जातं.

एक मात्र आधीच बघा. फेरमोजणी मागितली की निरीक्षक घरात येतो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल किंवा गच्चीवर पत्रा टाकला असेल, तर तेही मोजलं जाईल. तसं काही असेल तर फेरमोजणी न मागता फक्त पार्किंगच्या नोंदीची दुरुस्ती मागा.

मोगरा_७
१७ जून, सकाळी ११.१०

बाल्कनी उघडीच आहे. आणखी एक, बिलही आलंय. हरकत दिली म्हणजे बिल थांबलं ना?

पारावरचा
१७ जून, सकाळी ११.२५

नाही, आणि इथेच लोक फसतात. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला २४. ‘हरकतीचा हक्क राखून भरणा’ असं पत्र देऊन पैसे भरा, पावती फाइलला लावा. हरकत मान्य झाली तर जादाची रक्कम पुढच्या बिलात वळती करून घेण्याचा अर्ज द्या.

सुनावणीत पटलं नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशाकडे अपील आहे. त्यालाही १५ दिवसच. आधी हरकत देऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो आणि वादातला कर पालिकेकडे जमा केलेला असावा लागतो. यातलं एक जरी राहिलं तरी अपील ऐकलंच जात नाही. आदेश तोंडी सांगून बोळवण केली तर ऐकून घेऊ नका. लेखी प्रत हातात पडली त्या दिवशीच तिच्यावर तारीख घाला. वकील लागलाच तर इथे.

धागा वाचणाऱ्या मुंबईकरांसाठी: तुमचा कायदा १८८८ चा, कर भांडवली मूल्यावर, अपील लघुवाद न्यायालयात. वरची कलमं तुम्हाला लागू नाहीत. पुण्यात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलतीचा पीटी-३ अर्ज ही वेगळी बाब आहे, हरकतीत मिसळू नका. नगरपरिषदेत १९६५ चा कायदा आणि चार वर्षांनी फेरआकारणी, तिथली मुदत नोटिशीतच वाचा.

मोगरा_७
१७ जून, दुपारी ४.१५

दिली. आवक क्रमांक मिळाला, पण माझ्या प्रतीवर शिक्क्याची तारीख पुसट उमटलीय, १७ की ११ कळत नाही.

ओसरी
१७ जून, दुपारी ४.२२

परत जा, अजून वेळ आहे. शिक्क्याशेजारी पेनाने तारीख लिहून घ्या, खाली कारकुनाची सही. नाहीच म्हणाला तर हीच हरकत आज स्पीड पोस्टानेही पाठवा. पाकिटावर आवक क्रमांक लिहा आणि टपालाची पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.