तहबंदर, हद्द, भाडेपट्टा : चीनच्या बंदरांसाठी मराठीत कोणते शब्द योजावेत?

प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या शांघायवरील लेखाचे भाषांतर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एका पानावर ‘वसाहत’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि मूळ इंग्रजी लेखात त्या अकरा जागी चार निरनिराळ्या संज्ञा आहेत : ट्रीटी पोर्ट, कन्सेशन, सेटलमेंट आणि लीज्ड टेरिटरी. एकदाच भाषांतरकाराने वेगळा शब्द वापरला आहे, पण तेथे ‘फ्रेंच सवलतीत राहणारे रशियन निर्वासित’ असे वाक्य झाले आहे आणि ते वाचून त्या निर्वासितांना तिकिटात सूट मिळत असावी असे वाटते. या चारही संज्ञांना मराठीत स्वतंत्र प्रतिशब्द आहेत का, आणि नसल्यास काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

‘सवलत’ हा शब्द कोशातून उचललेला दिसतो. प्रतिशब्द आधी शोधून मग तो इतिहासावर बसवायला गेले की असे होते, म्हणून त्या जागा नेमक्या काय होत्या हे आधी पाहिलेले बरे.

सुरुवात आपल्या यादीत नसलेल्या एका शब्दापासून करतो, कारण भाषांतरात तो पुढे येईलच. १७५७ नंतर युरोपीय जहाजांना चीनमध्ये केवळ कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, या एकाच बंदरात व्यापार करता येत असे. तेथे नगराच्या तटाबाहेर, नदीकाठी, परदेशी व्यापाऱ्यांसाठी ज्या इमारती होत्या त्यांना इंग्रजीत ‘तेरा फॅक्टऱ्या’ म्हणतात आणि मराठीत त्यांचे हमखास ‘तेरा कारखाने’ होतात. तेथे काहीही तयार होत नव्हते. माल ठेवावा, हिशेब लिहावा आणि वर राहावे अशी ती जागा होती, आणि अशा जागेला सुरत-राजापूरपासून आपण ‘वखार’ म्हणत आलो आहोत. ‘तेरा वखारी’ म्हटले की चित्र लगेच उभे राहते. या वखारी सरकारमान्य चिनी व्यापाऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या असत, परदेशी स्त्रियांना तेथे मज्जाव होता आणि व्यापाराचा हंगाम संपला की परदेशीयांना जवळच्या मकाव या पोर्तुगीज ठाण्यात परत जावे लागे. मुंबईचे पारशी व्यापारीही तेथे असत आणि त्यांच्या पगडीवरून चिनी लोक त्यांना पांढऱ्या डोक्याचे परदेशी म्हणत. आपण युरोपीयांना ‘टोपीकर’ म्हणत होतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की चिनी नावातील ‘यी’ या शब्दाला ‘रानटी’ अशी छटा असल्याची इंग्रजांची तक्रार होती आणि १८५८च्या तिएनत्सिनच्या, म्हणजे आजच्या त्यानजिनच्या, तहात, इंग्रजांविषयी सरकारी कागदांत हा शब्द वापरू नये, असे एक कलमच त्यांनी घालून घेतले. एखादा शब्द तहाने बंद केल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता ‘ट्रीटी पोर्ट’. पहिल्या अफूच्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. तो ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला ती मुंबईच्या गोदीत बांधून १८१३ मध्ये पाण्यात उतरवलेली होती. या तहाने कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे इंग्रजांच्या व्यापाराला आणि वास्तव्याला खुली झाली. येथे ‘करारबंदर’ हा शब्द मला मिळमिळीत वाटतो, कारण करार दोन दुकानदारांतही होतो. ‘संधिबंदर’ संस्कृतदृष्ट्या निर्दोष आहे, पण आजचा वाचक ‘संधी’ म्हणजे नोकरीची संधी समजतो. लढाई हरल्यावर जे लिहून द्यावे लागते त्याला मराठीत ‘तह’ म्हणतात, म्हणून ‘तहबंदर’ किंवा पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘तहाने खुले केलेले बंदर’ असे लिहावे. तहबंदरावर सार्वभौमत्व चीनचेच राहिले होते, हे येथे महत्त्वाचे. ‘बंदर’ म्हटल्यावर समुद्रच पाहिजे असाही आग्रह नको, कारण पुढे खुली झालेली हानकौ आणि चुंगकिंग ही ठिकाणे यांगत्से नदीवर फार आत आहेत. खाडीतल्या राजापूर-पनवेललाही बंदर म्हणणाऱ्या आपल्या भाषेला यात काही अवघड वाटू नये.

‘बंदर’ आणि ‘नगर’ यांतील फरक पुसट झाला की काय होते याचे उदाहरण याच तहात आहे. इंग्रजी मजकुरात व्यापाऱ्यांनी पाचही शहरांत राहावे असे म्हटले होते. चिनी मजकुरात मात्र व्यापाऱ्यांसाठी ‘बंदरात’ आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांसाठी ‘तटबंद नगरात’ असे दोन वेगळे शब्द होते. आम्हाला कँटनच्या तटाच्या आत प्रवेश द्या, असे इंग्रज म्हणत राहिले, आणि तसे लिहिलेले नाही, असे चिनी अधिकारी म्हणत राहिले. हा वाद पंधरा वर्षे धुमसला, दुसऱ्या अफूच्या युद्धाच्या कारणांत जाऊन मिसळला आणि शेवटी इंग्रज-फ्रेंच फौजांनी कँटन काबीज केल्यावरच मिटला.

कन्सेशन आणि सेटलमेंट या एकाच तहबंदराच्या पोटातील जागा आहेत. कन्सेशनमध्ये चिनी सरकार एक सबंध तुकडा परदेशी सरकारला भुईभाड्याने देत असे आणि ते सरकार त्यातील जमिनी आपल्या लोकांना वाटून देत असे. सेटलमेंटमध्ये केवळ सीमा आखून दिलेली असे आणि तिच्या आत प्रत्येक परदेशी माणूस चिनी मालकाकडून स्वतः जागा घेत असे. तिएनत्सिनमध्ये एकूण नऊ देशांची कन्सेशने होऊन गेली आणि त्यांत ऑस्ट्रिया-हंगेरी आणि बेल्जियमही होते. शांघायमध्ये इंग्रज आणि अमेरिकन भाग १८६३ मध्ये एक होऊन आंतरराष्ट्रीय सेटलमेंट झाली आणि फ्रेंच भाग वेगळाच राहिला. कायद्याच्या पुस्तकातील हा भेद प्रत्यक्षात इतका पक्का नव्हता, कारण शांघायच्या फ्रेंच भागाचे नाव कन्सेशन असले तरी तेथील जमिनीही मूळ मालकांकडूनच घेतल्या जात.

चिनी भाषेत मात्र या दोहोंना एकच शब्द आहे : ‘चू-च्ये’. पहिला ‘च’ आपल्या ‘चूक’मधला आणि दुसरा ‘चेहरा’मधला, असा उच्चार केला की बराचसा जमतो. ‘चू’ म्हणजे भाडे आणि ‘च्ये’ म्हणजे सीमा, हद्द. माझे उत्तर यातच आहे. ‘फ्रेंच सवलत’ नको आणि ‘फ्रेंच वसाहत’ही नको, ‘फ्रेंच हद्द’ म्हणावे. जुन्या माणसांच्या तोंडी ‘निजामाच्या हद्दीत’, ‘इंग्रजी हद्दीत’ असे शब्द सहज असत, आणि एका हद्दीतला गुन्हेगार दुसऱ्या हद्दीत पळाला की पोलिसांचे हात आखडत, ही गोष्टही त्या शब्दात आपोआप येते. शांघायमध्ये नेमके तेच होते. फ्रेंच हद्द आणि तिला लागून असलेली आंतरराष्ट्रीय हद्द यांचे पोलीस वेगळे आणि चिनी शहराचे वेगळे, त्यामुळे रस्ता ओलांडला की कायदा बदलत असे. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन जुलै १९२१ मध्ये फ्रेंच हद्दीतील एका घरात भरले होते, ते उगाच नव्हे. आंतरराष्ट्रीय सेटलमेंटच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ ‘सामाईक भाडेहद्द’ असा होतो. सामाईक विहीर, सामाईक भिंत म्हणणाऱ्या मराठी माणसाला ‘सामाईक हद्द’ समजावून सांगावी लागणार नाही.

लीज्ड टेरिटरी हा निराळा प्रकार असून तो मुख्यतः १८९८ चा आहे. त्या एका वर्षात जर्मनीने क्याऊचौचा उपसागर, म्हणजे छिंगताओचा परिसर, ९९ वर्षांसाठी घेतला, रशियाने पोर्ट आर्थर आणि दाल्यन २५ वर्षांसाठी घेतले आणि ब्रिटनने हाँगकाँगला लागून असलेला ‘न्यू टेरिटरीज’ हा भाग ९९ वर्षांसाठी घेतला. ब्रिटननेच घेतलेल्या वेइहाइवेइ या बंदराच्या पट्ट्याची मुदत तर पोर्ट आर्थर रशियाच्या ताब्यात असेपर्यंत अशी होती. १९०५ मध्ये रशियाने ते जपानला गमावले, तरी ब्रिटिश तेथून हलले १९३० मध्ये. ‘भाडेपट्ट्याचा प्रदेश’ किंवा नुसता ‘पट्टा’ हा येथे योग्य शब्द आहे, कारण ठरलेल्या मुदतीचा अर्थ त्यातच आहे.

शंका

‘हद्द’ हा शब्द पोलीस ठाण्याच्या पाटीवर शोभतो, पण तो फार कोरडा आहे. सत्ता परक्यांची होती, कर ते वसूल करत होते, कायदा त्यांचा होता. मग ‘वसाहत’ म्हटल्याने काय बिघडते? उलट ‘हद्द’ आणि ‘पट्टा’ असे कायदेशीर शब्द वापरले की जबरदस्ती झाकली जाते, असे मला वाटते.

उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि ती प्रत्यक्ष चीनमध्येही उपस्थित झाली होती. चिनी क्रांतिकारकांनी आपल्या देशाला ‘अर्धवसाहत’ म्हटले. चिनी राष्ट्रवादी नेते सुन यत-सेन यांना तोही शब्द सौम्य वाटला. वसाहतीला निदान एकच धनी असतो, आम्ही ज्या ज्या देशाशी तह केला त्या सर्वांचे गुलाम आहोत, अशा अर्थाची मांडणी त्यांनी १९२४ च्या व्याख्यानांत केली आणि वसाहतीपेक्षाही खालच्या पायरीसाठी एक वेगळाच शब्द घडवला. म्हणजे ‘वसाहत’ हा शब्द जहाल आहे असे आपण समजतो, पण त्यांच्या दृष्टीने तो अपुरा होता.

माझा आक्षेप मात्र साधा आहे. मराठीत कॉलनी, सेटलमेंट, गृहसंकुल आणि कारखान्यांचे क्षेत्र या सर्वांना आपण ‘वसाहत’ म्हणतो, त्यामुळे ‘शांघायमधील आंतरराष्ट्रीय वसाहत’ वाचून वकिलातींच्या बंगल्यांची शांत रांग डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तेथील बहुसंख्य रहिवासी चिनी होते. ते कर भरत होते, पण नगरपालिकेत त्यांना पहिल्या जागा मिळाल्या १९२८ मध्ये. ही जबरदस्ती ‘वसाहत’ या शब्दाने दिसत नाही, ती असे एक वाक्य लिहून दाखवावी लागते. हाँगकाँग बेटासाठी ‘वसाहत’ अवश्य वापरावे, कारण ते १८४२ मध्ये ब्रिटनला कायमचे तोडून दिले होते. ‘मुलूख तोडून देणे’ हा आपल्या तहनाम्यांतला जुना वाक्प्रचार येथे चपखल बसतो. १९९७ मध्ये हाँगकाँग परत गेले तेव्हा तोडून दिलेले बेट आणि मुदत संपत आलेला पट्टा हे दोन्ही एकदम गेले, ही गोष्ट दोन वेगळे शब्द असल्याशिवाय सांगताच येत नाही.

मकाव कोणत्याच खणात नीट बसत नाही. पोर्तुगीज तेथे १५५७ पासून होते आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अधिपत्याखाली होता, तरी १८४९ पर्यंत ते चीनला भुईभाडे भरत होते. त्यामुळे त्या काळाविषयी ‘ठाणे’ म्हणावे आणि १८८७ च्या तहानंतर ‘वसाहत’ म्हणावे, असे मी सुचवीन.

वखारीचा तटबंद मुलूख कसा होतो हे आपल्याकडे वेळीच ओळखले गेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात टोपीकरांविषयी जे प्रकरण आहे त्यात, त्यांनी वखारीस जागा मागितली तर समुद्रकिनारी देऊ नये, खाडी सोडून काही कोस आत द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा सल्ला आहे. नानकिंगच्या तहाच्या सव्वाशे वर्षे आधीचा हा मजकूर आहे.

पुरवणी

एका शब्दाचा इशारा राहिला. शांघायच्या नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला इंग्रजीत ‘बंड’ म्हणतात. हा चिनी शब्द नाही. चिनी नाव ‘वाय-थान’, म्हणजे बाहेरचा काठ. फारसी ‘बंद’ हिंदुस्थानीतून इंग्रजीत गेला आणि इंग्रजांनी तो तिकडे नेला. पुण्याच्या बंडगार्डनमधला ‘बंड’ही तोच आहे, तेथील बंधारा ज्यांच्या देणगीतून झाला ते जमशेटजी जिजीभाई चीनच्या व्यापारातूनच श्रीमंत झाले होते. पुणेकराला ‘बंड’ खटकत नाही, पण चीनच्या इतिहासात ताइपिंगांचे बंड आणि बॉक्सर बंडही असल्यामुळे ‘शांघायच्या बंडावर गर्दी उसळली’ हे वाक्य छापून गेले तर वाचक भलतेच समजेल. तेथे ‘नदीकाठचा बांध’ असे लिहावे.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे आभार. ‘फ्रेंच हद्द’ आणि ‘सामाईक हद्द’ हे शब्द स्वीकारले आहेत. ‘तहबंदर’ पहिल्या वेळी फोड करून आणि पुढे नुसते. बंड तीन ठिकाणी होते, ते काढले. आता एकच अडचण उरली आहे. लेखाच्या शेवटी हाँगकाँगच्या वाहनतळातील ‘श्रॉफ’ या पाटीचा उल्लेख आहे. तहबंदरांत चांदीची नाणी पारखणारा तो आपलाच सराफ, आणि आज तेथे गाडी ठेवल्याचे पैसे भरण्याच्या खिडकीला त्याचे नाव आहे. ‘सराफ’ लिहिले तर वाचक वाहनतळात दागिने शोधेल आणि ‘पैसे भरण्याची खिडकी’ लिहिले तर सराफ हरवतो, म्हणून पाटी ‘श्रॉफ’ अशीच ठेवून पुढे कंसात ‘म्हणजे आपला सराफ’ एवढेच लिहावे असे ठरवत आहे.