मदत हवी आहे: पार्सलने आलेला ओरांडा (गोल्डफिशचा एक प्रकार) उलटा तरंगतोय (सांगली)
कोलकात्याहून आलेला ओरांडा, साधारण 8 सेंमी. पोट वर करून तरंगतो, खाली ढकलला की लगेच वर येतो. खवले उभे नाहीत, म्हणजे जलोदर नसावा. 40 लिटरच्या वेगळ्या टाकीत आहे: पाण्याची उंची 15 सेंमी, तापमान 24 अंश, अमोनिया-नायट्राइट शून्य, स्पंज फिल्टर मंद. खाणं देणं बंद ठेवलंय. 20 लिटरला 1 चमचा एप्सम सॉल्ट, आधी विरघळवून (खाण्याचं मीठ नव्हे, त्याने पोट साफ होत नाही).

पाण्याबाहेर राहणारी पोटाची कातडी लालसर होतेय, खरी काळजी तिचीच. तिथे काय लावावं? उपवासानंतर सोललेला उकडलेला वाटाणा द्यावा, की माशांच्या खाद्याचे भिजवलेले, बुडणारे दाणे? आणि सांगली-मिरजेत माशाचा एक्स-रे काढणारे पशुवैद्य आहेत का? पोटातला हवेचा फुगा (स्विम ब्लॅडर, ज्याने मासा पाण्यात तोल राखतो) सुजलाय की सरकलाय हे कळल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करायचं नाही.