विदर्भाचा जमाखर्च मांडायचा तर...

"टॅक्स सगळा मुंबई भरते आणि विदर्भ बसून खातो" हे वाक्य टाळ्या घेतं, पण आकडा काढलाय कुठून ते बघा ना दादा. अमरावतीच्या किराणा दुकानात बिस्किटचा पुडा विकला गेला, त्यावरचा राज्याचा जीएसटी महाराष्ट्राला मिळाला, इथवर ठीक. पण कंपनीचं रजिस्ट्रेशन राज्यात सहसा एकच, पत्ता मुंबईचा नाहीतर भिवंडीचा, मग रिटर्नमधून अमरावतीचा हिस्सा वेगळा काढणार कसा? जीएसटी जिथे माल खपतो तिथे जातो हे दोन राज्यांमधे खरंय, राज्याच्या आत त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मग लोकांच्या खर्चाच्या सर्वेवरून अंदाज बांधावा लागतो आणि तिथेच ज्याला जो आकडा हवा तो निघतो :)

स्टॅम्प ड्युटीचं तसं नाही, दस्त कुठल्या ऑफिसात नोंदला ते कळतं, आणि त्यात मुंबई-पुणे-ठाणे खरंच पुढे आहेत, मान्य. पण चंद्रपूरची वीज मुंबई-पुण्यात जळते तेव्हा त्यावरचं विद्युत शुल्क तिकडच्या बिलात दिसतं, राख मात्र इकडे.

खर्चाचं तर विचारूच नका. मंत्रालयाचा पगार, कर्जावरचं व्याज कोणाच्या नावावर टाकायचं, लोकसंख्येने की उत्पन्नाने? १९८४ च्या दांडेकर समितीने (राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेली) या भानगडीत न पडता रस्ते, सिंचन वगैरे राज्याच्या सरासरीपेक्षा कुठे किती कमी ते जिल्हावार मोजलं, अनुशेष, म्हणजे ती तूट भरून काढायचा खर्च, निघाला सुमारे ३१८७ कोटी, आणि त्यात उर्वरित महाराष्ट्राचेही (विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीचा) हजारावर कोटी होते, हे आमचे विदर्भवाले सोयीने विसरतात.