मदत हवी आहे: पाच ठिकाणची देणी, महिन्याला २१ हजार शिल्लक. आधी कोणाचे फेडावे?

चाकणचा_वाचक

पगार हातात ५२,००० येतो. भाड्यासह घरखर्च ३१,०००. उरतात २१,०००. देणी अशी आहेत:

क्रेडिट कार्ड: थकबाकी १,४०,०००, व्याज महिना ३.५ टक्के. सध्या फक्त किमान रक्कम (७,०००) भरतो.
बँकेचे वैयक्तिक कर्ज: शिल्लक ३,१०,०००, व्याज १४.५ टक्के, हप्ता १०,६७०, अजून ३६ हप्ते.
पतसंस्था: ८०,०००, व्याज १३ टक्के, हप्ता ४,०००. दोन हप्ते थकलेत. जामीनदार दोन: चुलतभाऊ आणि कंपनीतला एक सहकारी.
सोनेतारण: ७५,०००, व्याज १० टक्के, मुदत चार महिन्यांनी संपते. बायकोच्या पाटल्या आणि साखळी आहे.
मोबाइल ॲप: हातात १२,६०० आले, सात दिवसांत १८,००० मागितले. मुदतवाढ म्हणून दोनदा ५,४०० भरले, तरी मागणी १८,०००च आहे.

एका 'कर्जमुक्ती' कंपनीचा फोन आला होता. सगळे हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, फी आधी २५,००० भरा, असे म्हणाले. नेमके काय करावे?

जमाखर्च

त्या कंपनीला एक रुपयाही देऊ नका. त्याबद्दल खाली कोणीतरी सविस्तर लिहीलच, मी हिशेबावर येतो.

७,००० + १०,६७० + ४,००० = २१,६७०. शिल्लक २१,०००. म्हणजे सोन्याचे व्याज आणि ॲप न धरताही दर महिन्याला ६७० कमी पडतात. ती तूट कुठून भरली जाते? किराणा किंवा पेट्रोल कार्डावर जाते आणि थकबाकी जागची हलत नाही. फेडायचा क्रम लावण्याआधी ही गळती बंद करायला हवी.

कार्डाचे गणित पाहा. १,४०,००० वर ३.५ टक्के म्हणजे ४,९०० व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८८२. एकूण ५,७८२. तुम्ही ७,००० भरता त्यातले मुद्दलाला लागतात फक्त १,२१८. शिवाय मागची थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होते. म्हणून आजपासून कार्ड वापरणे बंद. ओटीटी, मोबाइल रिचार्ज, विमा असे जे आपोआप कापले जाते तेही कार्डावरून काढा, नाहीतर तीनचारशेची एखादी नोंद दर महिन्याला येतच राहील.

मग बँकेला फोन करून 'पूर्ण थकबाकीचे हप्त्यांत रूपांतर' मागा. किमान रक्कम वेळेवर जाते आहे तोवर हे सहज मिळते. खाते ९० दिवस थकून एनपीए (बुडीतकडे झुकलेले खाते) झाले की बँकेची भाषा बदलते. १८ टक्के वार्षिक दराने ३६ महिन्यांचा हप्ता ५,०६१ येतो, पहिल्या महिन्यात व्याजावरचा जीएसटी ३७८ धरून ५,४३९. प्रक्रिया शुल्क वेगळे असते, ते आधीच विचारा.

आता बेरीज: १०,६७० + ४,००० + ५,४३९ + सोन्याचे मासिक व्याज ६२५ = २०,७३४. उरतात २६६. मुलाला ताप आला तरी ही योजना मोडेल. त्यामुळे आणखी एक खुंटी सैल करावी लागेल. वैयक्तिक कर्जाची मुदत ३६ वरून ६० महिने करून मिळाली तर हप्ता ७,२९४ होतो, महिन्याला ३,३७६ सुटतात. पण एकूण व्याज सुमारे ५३,५०० ने वाढते आणि पतअहवालात 'पुनर्रचित' अशी नोंद येऊ शकते. सोन्याचा मार्ग बंद असेल तरच हे करा.

नीरा_काठ

सोन्याचा मार्ग बंद नाही. कार्डाचे व्याज वर्षाला ५८,८०० आणि जीएसटी १०,५८४, म्हणजे जवळपास ६९,४००. तेवढ्याच रकमेवर सोनेतारणाचे १० टक्क्यांनी १४,०००. सोन्याचा भाव वाढलेला असेल तर त्याच दागिन्यांवर वाढीव कर्ज मिळते. ते घेऊन कार्ड भरले तर दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त वाचतात.

तरी माझा कल वाढीव कर्जाकडे नाही, साखळी मोडण्याकडे आहे. वाढीव कर्ज म्हणजे देणे तेवढेच राहते, फक्त दार बदलते, आणि मुदतीत जमले नाही तर लिलावाची नोटीस दोन्ही दागिन्यांवर येते. साखळी विकून सोनेतारण बंद केले तर पाटल्या घरी येतात आणि वर राहिलेली रक्कम कार्डाला लागते. अर्थात हे स्त्रीधन आहे. निर्णय तुमच्या पत्नीचा. त्यांना ही सगळी बेरीज कागदावर दाखवा आणि त्या नाही म्हणाल्या तर तो पर्याय सोडून द्या.

करण्याची रीत: तारण संस्थेतून आजअखेरची बंद रक्कम लेखी घ्या (आठ महिन्यांचे व्याजच ५,००० होते, ते विसरू नका). तारण पावतीवरचे निव्वळ वजन आणि २२ कॅरेटचा त्या दिवसाचा भाव घेऊन दोनतीन सराफांकडे विचारा. घट किती टक्के धरणार हा खरा प्रश्न असतो, भाव सगळ्यांचा जवळपास सारखाच. काही सराफ स्वतः पैसे भरून तारण सोडवतात. तसे केले तर खाते बंद झाल्याची पावती तुमच्या पत्नीच्या किंवा तुमच्या नावानेच घ्या, वजन तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

आणि कार्ड भरल्यावर त्याच दिवशी मर्यादा २०,००० वर आणण्याचा लेखी अर्ज करा. रिकामे कार्ड पुन्हा भरते, मग सोनेही गेलेले असते.

सहकार_खिडकी

जमाखर्च यांनी पतसंस्था सहज ४,००० धरून सोडली, पण माझ्या मते तुमच्या यादीत सगळ्यात आधी तीच यायला हवी. १३ टक्के व्याज कमी आहे, पण तिथे दोन माणसे अडकली आहेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था तुम्हाला सोडून थेट सहकाऱ्याच्या मागेही लागू शकते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्थेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. ती उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे अर्ज करते, चौकशी होते आणि वसुली दाखला मिळतो. त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली चालते, जप्तीपर्यंत. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (निर्णयाची फेरतपासणी) अर्ज करायचा तर कलम १५४ प्रमाणे वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून व्याजाच्या आकारणीबद्दल हरकत असेल तर ती चौकशीतच, लेखी, खातेउताऱ्यासह मांडायची. लोक नोटीस घेत नाहीत, सुनावणीला जात नाहीत आणि तिथेच हरतात.

तुमचे दोनच हप्ते थकलेत, त्यामुळे तिथवर जाऊ देऊ नका. या आठवड्यात किमान एक हप्ता भरा, पावती घ्या. वसुली कारकुनाशी नाही, व्यवस्थापकाशी बोला आणि उरलेल्या हप्त्यासाठी तारीख लिहून अर्ज द्या. एक प्रत शिक्का मारून परत घ्या. दोन्ही जामीनदारांना संस्थेचे पत्र जाण्याआधी तुम्ही स्वतः सांगा.

नियमावली

ॲपविषयी. १२,६०० वर सात दिवसांत ५,४०० म्हणजे आठवड्याला सुमारे ४३ टक्के. मुदतवाढीची रक्कम मुद्दलातून वजा होत नाही, हाच त्याचा सापळा आहे. तिसरी मुदतवाढ घेऊ नका.

करारात कोणत्या बँकेचे किंवा एनबीएफसीचे (बँकेतर वित्त कंपनीचे) नाव आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट त्या संस्थेच्या खात्यातून तुमच्या खात्यात यायला हवी, आधी मुख्य तथ्य विवरणपत्र (व्याज, शुल्क, हप्ते एकत्र दाखवणारा कागद) मिळायला हवे आणि ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क व फोटो उघडायची मुभा नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे, त्यात शोधा. संस्था खरी असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून हिशेबाचा उतारा मागा आणि फक्त तिच्याच खात्यात भरा. तुमचे १०,८०० आधीच गेलेत, ते उताऱ्यात दिसले पाहिजेत.

नावच नसेल तर: सर्व चॅट, यूपीआयच्या नोंदी, कॉल यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग ॲपच्या परवानग्या काढा आणि ॲप काढून टाका. उलट केले तर पुरावा जातो. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा. फोटो बदलून पाठवण्याची धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे जा. नातेवाइकांना आपणच एक संदेश पाठवून ठेवला की धमकीतली अर्धी ताकद जाते.

बँकेच्या वसुलीवाल्यांचे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन किंवा भेट नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, चारचौघांत अपमान, सगळ्याला मनाई आहे. ओळखपत्र आणि बँकेचे प्राधिकारपत्र मागा. तक्रार आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही.

वकिली_नजर

'कर्जमुक्ती' कंपनी करते काय? हप्ते थांबवायला लावते, खाते ९० दिवसांपुढे जाऊ देते आणि मग बँकेशी तेच बोलते जे तुम्ही फुकट बोलू शकता. मधल्या काळातले दंड आणि व्याज तुमच्या खात्यावर, फी तिच्या खिशात. तडजोड झाली तरी पतअहवालात 'सेटल्ड' शेरा लागतो, 'क्लोज्ड' नाही, आणि तो वर्षानुवर्षे दिसतो. तुमचे उत्पन्न नियमित आहे, तुम्हाला तडजोडीची गरजच नाही.

ज्यांना खरोखर करावी लागते त्यांच्यासाठी: आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि 'उरलेली रक्कम माफ' हे शब्द. पैसे फक्त कर्जखात्यात. एजंटच्या यूपीआयवर किंवा रोख कधीच नाही. नंतर नो ड्यूज (काही देणे बाकी नसल्याचा) दाखला. लोकअदालतीत मिटवलेत तर निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा नीट वाचा.

अटकेच्या व्हॉट्सॲप नोटिशीला घाबरू नका. कर्ज थकणे ही दिवाणी बाब आहे. खऱ्या खटल्याला न्यायालयाचे नाव आणि सीएनआर क्रमांक (खटल्याचा नोंदणी क्रमांक) असतो, तो ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर प्रकरण वेगळे: चेकला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८, आपोआप हप्त्याला पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चे कलम २५. तशी नोटीस आली तर मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची संधी असते, ती सोडू नका. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन दिवसांनी करून घ्या, हा प्रश्नच उरणार नाही.

अजून एक: ज्या बँकेचे कर्ज आहे तिथेच पगार येत असेल तर थकबाकीपोटी बँक बचत खात्यातून रक्कम वळती करू शकते. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा.

कऱ्हाकाठी

थोडे विषयांतर. गावात एकाकडून महिना १० टक्क्यांनी हातउसने घेतलेल्या माणसाला काय सांगावे? कोरा चेक आणि सही केलेला स्टँप देऊन बसला आहे.

सहकार_खिडकी

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळते. परवानाधारकाचे दरही ठरलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. महिना १० टक्के कुठल्याच चौकटीत बसत नाही. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज घेतलेल्या माणसाने आजवर दिलेल्या पैशांच्या तारखा, बँक नोंदी, साक्षीदार लिहून त्याच कार्यालयात अर्ज द्यावा, आणि चेकचा क्रमांक व तो कोरा दिल्याचा उल्लेख अर्जात नक्की करावा. नंतर तो चेक वटवायला टाकला तर हा अर्ज आधीचा पुरावा ठरतो.

चाकणचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोशी बोललो, ती साखळी मोडायला तयार आहे. सराफाच्या हिशेबाने सोनेतारण मिटवून हातात सुमारे ९०,००० येतील, पाटल्या परत मिळतील. ॲपच्या करारात कुठल्याच संस्थेचे नाव नाही, तक्रार केली. ९०,००० कसे वाटू?

जमाखर्च

त्यांना आमचा नमस्कार सांगा.

८,००० पतसंस्थेचे दोन थकीत हप्ते, पहिल्याच दिवशी. १०,००० दुसऱ्या बँकेत आजारपणासाठी, त्याला हात लावायचा नाही. उरलेले ७२,००० कार्डावर. थकबाकी ६८,००० राहील.

क्रम महत्त्वाचा: आधी ७२,००० भरा, खात्यात जमा दिसू द्या, मग हप्त्यांत रूपांतर मागा. आधी रूपांतर केले तर प्रक्रिया शुल्क पूर्ण १,४०,००० वर लागेल आणि हप्ते मुदतीआधी बंद करायला वेगळे शुल्क. ६८,००० चा १८ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता ३,३९५, पहिल्या महिन्यात जीएसटीसह ३,५७९.

नवी बेरीज: १०,६७० + ४,००० + ३,५७९ = १८,२४९. महिन्याला २,७५१ मोकळे राहतात आणि वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवायची गरज उरत नाही. पतसंस्था दोन वर्षांच्या आत संपेल. त्या दिवशी नो ड्यूज दाखल्याबरोबर दोन्ही जामीनदारांना मोकळे केल्याचे पत्रही मागून घ्या आणि त्यांच्या हातात द्या.

सहकार_खिडकी

आणि दिलेले सुरक्षा चेक असतील तर तेही परत. किती दिले होते ते अर्जाच्या प्रतीवरून आजच मोजून ठेवा.