अनुभव धागा: कामासाठी कॉर्डलेस मशीन कुठलं घेतलं, आणि पस्तावलात का?

प्लायवाला, पुणे

मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवायचं काम करतो. दोन मेस्त्री, एक हेल्पर आणि मी. गेल्या महिन्यात नव्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर काम होतं. फ्लॅटला मीटर नव्हता. डक्टमधून वर आणलेली एकच वायर, आणि तिच्यावर टाइलवाला, पीओपीवाला नि आम्ही. टाइलवाल्यानं कटर सुरू केला की आमचं ड्रिल रडायला लागायचं. तिसऱ्या दिवशी वैतागून बॅटरीवरचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू मारणारं मशीन) उसना आणला. स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे जात होते. खूश होऊन पार्टिकल बोर्डच्या शटरला बिजागऱ्याही त्यानंच मारल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्मे स्क्रू जागच्या जागी गरगर फिरताहेत. बोर्डाचा भुसा झालेला. चार शटर स्वतःच्या खिशातून बदलून दिले.

आता स्वतःचं घ्यायचंय, पण यूट्यूबवर मशीन पाण्यात बुडवून दाखवणारेच फार. हातानं काम करणाऱ्यांनी सांगा. काय घेतलं, कशासाठी, आणि कुठं फसलात? कंपन्यांची भांडणं नकोत.

फेज-न्यूट्रल, ठाणे

दादा, तुमच्या बिजागरीच्या कामाला इम्पॅक्ट नकोच होता. त्याला क्लच (ठरलेल्या जोराला आपोआप सुटणारी सोय) नसतो, ठोके देत राहतो. साधा ड्रिल-ड्रायव्हर घ्यायचा. त्याच्या मानेवर आकडे असतात, ते शोभेला नसतात. पार्टिकल बोर्डला ३-४ वर ठेवून बघा. स्क्रू बसला की कट्-कट् आवाज होऊन चक (बिट धरणारा जबडा) थांबतो.

मी वायरमन. माझ्याकडे दोन आहेत. शिडीवर फॅन, लाइट, स्विचबोर्ड यांसाठी १२ व्होल्टचं छोटं. एका हातात मावतं, कमरेला लटकतं. दिवसभर डोक्याच्या वर हात धरून काम केलं की पाव किलोचा फरकही संध्याकाळी खांद्याला कळतो. भोकांसाठी १८ व्होल्टचा एसडीएस-प्लस हॅमर, म्हणजे काँक्रीट फोडणारं जोरकस ठोक्याचं ड्रिल.

हॅमरच्या बाबतीत मी एकदा पैसे वाया घालवलेत. आधी १३ एमएम चकवालं ‘हॅमर ड्रिल’ घेतलं, कारण त्यावर हातोडीचं चित्र होतं. विटेच्या भिंतीत ठीक चाललं. मग आरसीसी बीममध्ये पाइपच्या क्लॅम्पसाठी ६ एमएमची भोकं पाडायला गेलो. छातीचा जोर लावला, बिट निळा पडला, भोक जेमतेम नखाएवढं. त्या मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर देतात, बस. एसडीएसमध्ये आत पिस्टन असतो, तो हवेच्या दाबानं बिटावर खरा घाव घालतो. आपण फक्त धरून उभं राहायचं. शेजारच्या एसीवाल्यानं त्याचा दिला तेव्हा तेच भोक पटकन झालं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आणि हो, नव्या बिल्डिंगांत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंती असतात. तिथं हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा. ठोका दिलात की भोकाची विहीर होते आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लग) बोटानं बाहेर येते.

स्पार्क, भोसरी

मी उलट बोलणार. फॅब्रिकेशन करतो, गेट, ग्रिल, शेड. सगळे सांगतात वायर सोडा. मी नाही सोडली.

हिशोब साधा आहे. १८ व्होल्टची ५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे १८ गुणिले ५, ९० वॅट-तास. ग्राइंडर दाबून घासायला लागला की ६०० वॅट सहज ओढतो. ९० भागिले ६००, म्हणजे नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत माझ्या एका गेटचे वेल्ड पण साफ होत नाहीत. दिवस काढायचा तर बॅटऱ्यांचं दुकान मांडावं लागेल. शॉपमध्ये वायरचा ४ इंची ग्राइंडर, त्याला तोड नाही.

पण गेट बसवायला जातो तेव्हा कॉर्डलेस नेतो. कंपाउंडपाशी प्लग नसतो, मालक खिडकीतून एक्स्टेन्शन टाकतो आणि मग तासभर ‘बिल किती येईल’ विचारतो. तिथं चार कट मारायचे, एक बिजागरी घासायची, काम संपलं. घेताना दोनच गोष्टी बघितल्या. बटण सोडल्यावर चाक पटकन थांबतं का, आणि चाक अडकलं तर मशीन स्वतः बंद होतं का. गार्ड काढून वापरणाऱ्यांना काही सांगत नाही, माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघून ते स्वतःच समजतात.

पॅनेलवाला, जालना

आमचं काम शेतात. सौर पंप बसवतो, ३, ५ नि साडेसात एचपीचे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आल्यापासून कामाला तोटा नाही. पण जिथं पंप बसवायचा तिथं लाइट नाही म्हणूनच तर शेतकऱ्यानं सौर मागितलंय. म्हणजे आम्हाला कॉर्डलेसशिवाय दुसरा रस्ताच नाही. पूर्वी जनरेटर न्यायचो. तो, त्याचं पेट्रोल, आणि तो ओढायला एक माणूस.

पहिला धडा उन्हाचा. मे महिना, पारा ४२ च्या वर. बॅटरी संपली की गाडीतल्या इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावायची, तर चार्जरचा दिवा नुसता लुकलुकतोय. वाटलं चार्जर गेला. गेला नव्हता. बॅटरी इतकी तापलेली होती की तो तिला घेतच नव्हता. लिथियमची बॅटरी गरम असली की चांगला चार्जर आधी ती निवायची वाट बघतो. आता एक थर्माकोलचा डबा लिंबाखाली ठेवतो. बर्फ घालायचा नाही, आत पाणी सुटतं. कोरडा डबा पुरतो. काढलेली बॅटरी पंधरा-वीस मिनिटं तिथं निवू द्यायची, मगच चार्जरवर. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवणाऱ्या पोराला दिवसभर पाणी भरायला लावायचं.

दुसरा धडा महागाचा. स्ट्रक्चरचे नटबोल्ट मारायला इम्पॅक्ट रेंच घेतला, अर्धा इंची. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) बोल्टला एकदम झकास. पॅनेलच्या क्लॅम्पला मात्र स्टेनलेसचे बोल्ट होते. गड्यानं त्याच जोरात ट्रिगर दाबला. दुसऱ्या की तिसऱ्या बोल्टला नट अर्ध्यात थांबला. पुढं जाईना, मागं येईना. उलटा फिरवला तर बोल्टच पिळवटला. स्टेनलेसवर स्टेनलेस वेगानं घासलं की गरम होऊन आटे एकमेकांना चिकटतात, जणू वेल्ड मारलाय. असे सात बोल्ट. कापायचे तर ग्राइंडरची बॅटरी संपलेली. शेतकऱ्यानं घरातून हॅकसॉ ब्लेड आणलं, मूठ नसलेलं, फडकं गुंडाळून. संध्याकाळपर्यंत घासत बसलो, पॅनेलखाली उताणे पडून. शेतकऱ्याची आई चहा आणून दर वेळी विचारायची, ‘मशीन बिघडलं व्हय?’

तेव्हापासून स्टेनलेसच्या आट्यांना ग्रीस लावतो. इम्पॅक्ट सगळ्यात हळू गिअरवर, तोही फक्त नट टेकेपर्यंत. शेवटचे फेरे हातपान्यानं.

पडदेवाली, नाशिक

पडदे आणि ब्लाइंड्स बसवते, सात वर्षं झाली. दारात उभी राहिले की अजूनही विचारतात, ‘माणूस मागून येतोय का?’

माझा मुद्दा एकच, पण दुकानात कुणी बोलत नाही. मुठीचा घेर. काही मशीनची बॅटरी मुठीच्या आत शिरते, त्यामुळे मूठ जाड होते. काहींची खालून सरकवून लागते, तिथं मूठ बारीक राहते. माझं पहिलं मशीन जाड मुठीचं. ट्रिगरवर बोट पोहोचायचं, पण पकड पूर्ण बसायची नाही. चार महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी पट्टा दिला. मी पट्टा घातला आणि मशीन विकलं.

दुसरं घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘ताई, यांना विचारा, पॉवर बघा.’ ‘यांना’ म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे, त्याला फिलिप्सचा बिट कुठला ते कळत नाही. मी मशीन हातात घेतलं, बॅटरी लावून, आणि हात वर करून दोन मिनिटं तशीच उभी राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. बघू दे.

आर्मेचर, कोल्हापूर

मी मशीन रिपेअर करतो, त्यामुळे लोक फसून झाल्यावरच मला भेटतात.

व्होल्टचा घोळ आधी मिटवतो, कारण रोज कुणीतरी विचारतं. १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ एकच. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागोमाग असतात, पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. फुल चार्ज झाल्या झाल्या सेल चारच्या वर असतो, म्हणून कुणी वीस छापतं. तसंच १०.८ आणि ‘१२ मॅक्स’, तीन सेल. छापण्याला ताकद नसते.

त्याहून वरचे गृहस्थ म्हणजे नामांकित कंपनीसारखी दिसणारी डुप्लिकेट. वर लिहिलेलं ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’. ‘व्हीएफ’ म्हणजे काय ते देवाला ठाऊक. मागच्या आठवड्यात असली एक खोलली. आत पाचच सेल, म्हणजे तेच १८ व्होल्ट. त्यातले दोन जुने, वरचं प्लॅस्टिक बदललेले. सेलचं तापमान बघणारा सेन्सर नव्हताच. गिऱ्हाईक म्हणालं, ‘पण स्वस्त होती.’ चार्ज होताना पेटली नाही हे त्याचं नशीब.

प्लायवाला भाऊ, तुम्हाला एवढं सांगतो. २ ॲम्पिअर-तासाच्या पॅकमध्ये बहुधा पाच सेलची एकच रांग असते, ५ च्या पॅकमध्ये दोन रांगा. दोन रांगा असल्या की ओढ वाटली जाते, सेल कमी तापतो. म्हणून हॅमर, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ यांना मोठी बॅटरी, स्क्रूच्या कामाला छोटी. छोटी बॅटरी लावून ग्राइंडर रगडणारे माझ्याकडे लवकर येतात.

ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन नसलेलं) घ्यावं का? घ्या, तेवढ्याच बॅटरीत जास्त काम देतं, कार्बन बदलायची कटकट नाही. पण जुन्या मशीनचा कार्बन झिजला तर चहा येईपर्यंत मी बदलून देतो, चिल्लर पैशात. ब्रशलेसचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) जळालं तर आख्खं कार्ड बदलायचं, आणि ते तुमच्या मॉडेलचं मिळायला हवं.

जांभा, राजापूर

आर्मेचरनी म्हटलं ते ‘मिळायला हवं’ आमच्याकडे फार मोठं आहे. मी प्लंबर. माझं मशीन जुलैमध्ये बंद पडलं. जवळचं सर्व्हिस सेंटर घाटावर. एसटी पार्सलनं पाठवलं, सोळा दिवसांनी फोन, ‘पार्ट मागवलाय.’ आणि आमचा सगळा धंदा गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत. मुंबईहून चाकरमानी फोन करतात, ‘गिझर बसव, नळ बदल, आम्ही परवा पोचतो.’ वर झाड पडून लाइट गेलेली. तेव्हा हातातलं मशीन हीच लाइट. ते पंधरा दिवस चुलत्याकडचं मागून काढले.

मशीन परत आलं ते गौरी-विसर्जनाच्या दिवशी. पुढचं घेताना कंपनी नाही बघितली, आधी राजापुरात आणि लांज्यात कुणाकुणाकडे कुठली बॅटरी आहे ते विचारून आलो. चौघांकडे एकच निघाली. तीच घेतली. आता माझी बंद पडली तर चौघं आहेत.

जांभ्याच्या चिऱ्याला हॅमरची गरज नाही. दगड भोकाळ असतो, ठोक्यानं आणखी ढासळतो. नुसतं फिरवा आणि लांब गिट्टी वापरा. पावसाळ्यात बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट येतं, ते कोरड्या फडक्यानं पुसत जा.

उणे-तीस, कॅल्गरी

डोंबिवलीचा, इथं कॅनडात हीटिंगचं काम करतो. जालन्याच्या दादांचं वाचून हसू आलं, कारण माझं नेमकं उलटं. रात्रभर व्हॅनमध्ये राहिलेली बॅटरी सकाळी चार्जरवर लावली तर चार्जर तीच लुकलुक करतो. शून्याच्या खाली लिथियम चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. त्यामुळे बॅटऱ्या रात्री घरात, माझ्या बुटांशेजारी. दिवसा दोन जॅकेटच्या आतल्या खिशात. बायको म्हणते, पोराला सुद्धा एवढं जपलं नव्हतंस.

पाइपरिंच, डोंबिवली

विमानानं कामाला जाणाऱ्यांसाठी. नागपूरच्या कामाला जाताना बॅटऱ्या चेक-इनच्या पेटीत टाकल्या, पेटी उघडायला लावली. मशीन पेटीत, सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर कॅप किंवा टेप लावून. हद्द १०० वॅट-तासांची. ५ ॲम्पिअर-तासाची ९० भरते, चालते. ६ ची १०८ होते, तिला एअरलाइनची परवानगी आधी काढा.

प्लायवाला, पुणे

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते सांगतो. १८ व्होल्टचा ड्रिल-ड्रायव्हर, क्लचवाला. त्याच बॅटरीवर चालणारा एसडीएस हॅमर, कारण ओव्हरहेड कॅबिनेट बीमला टांगायची असतात. दोन छोट्या बॅटऱ्या, एक ५ ची. सर्क्युलर सॉ वायरचाच राहील, स्पार्कचा हिशोब घरी करून बघितला.

बोहरी आळीत शनिवारी जातोय. मोठ्या मेस्त्रीला बरोबर नेणार. तो म्हणाला, ‘मी कशाला, पैसे तुमचे.’ त्याला पडदेवाली ताईंचं वाचून दाखवलं, तर लगेच विचारलं, ‘दुकानात हात वर करून उभं राहायला देतील का?’